‘वऱ्हाडी’ शब्द नीट येईपर्यंत : तालुक्याच्या छापखान्यातून पेजमेकर जाताना

२०२५ चा दसरा होऊन आठवडा झाला असेल. काकूंचा फोन आला, "तुह्या काकाचा कंप्युटर बसला. दोन दिवसांपासून त्यायचं जेवण धड नाई. सुट्टी लागली की ये."

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. काकांचा छापखाना तालुक्याच्या गावात, मेन रोडवर, दोन गाळ्यांचा. पुढच्या गाळ्यात कंप्युटर, लेझर प्रिंटर आणि पत्रिकांच्या नमुन्यांचे अल्बम. मागे एकरंगी मिनी ऑफसेट, कटिंग मशीन आणि बाइंडिंगचं टेबल. कामं ठरलेली : लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, जिनिंगच्या काटापावत्या, बियाण्याच्या दुकानांची हँडबिलं, तेरवीची कार्डं. फ्लेक्स बाहेरून करून आणायचं. उरलेलं सगळं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर, विंडोज एक्सपीच्या एका मशीनवर, २००८ पासून.

त्या मशीनच्या निमित्तानं पुढचे तीन-चार महिने जे केलं, ते इथे तपशीलवार लिहितो आहे. आमच्याच तालुक्यात याच अवस्थेतले आणखी दोन छापखाने मला माहीत आहेत, आणि विदर्भातल्या प्रत्येक तालुक्यात एखादा तरी असणार.

आधार गेला कधी आणि कळला कधी

पेजमेकर पहिल्यांदा १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं. ते काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं अल्डस. पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये पुस्तकं छापणाऱ्या अल्डस मॅन्युशियसवरून घेतलेलं. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीनं अल्डस घेतली. १९९९ मध्ये त्याच कामाचं अ‍ॅडोबीचंच इनडिझाइन आलं, २००१ मध्ये पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० निघाली आणि २००४ नंतर त्याचं काम थांबलं. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे त्याला दुरुस्त्या देणं, मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला बंद केला.

म्हणजे काकांनी हे मशीन घेतलं तेव्हाच पेजमेकरचं काम थांबून चार वर्षं झाली होती. एक्सपीचा आधार गेल्यावरही त्यांनी त्यावर अकरा वर्षं धंदा केला, आणि चांगला केला. हे शक्य झालं, कारण त्या मशीनला कधी इंटरनेट जोडलंच नव्हतं. तेच विंडोज, तोच प्रिंटर, तेच फाँट. सगळं एकाच जागी गोठलेलं होतं, म्हणून कुणाचं कुणाशी बिनसलं नाही. आधार सुटला २०१४ ला, आम्हाला कळलं २०२५ मध्ये.

काकांना नवं नको असतं, असं मात्र नाही. ते वयाच्या बाराव्या वर्षी खिळे जुळवायला बसले. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे, केसमधला प्रत्येक खण हाताला पाठ, मॅटर उलटं वाचायचं. ट्रेडल (खिळ्यांवर छापणारं जुनं यंत्र) विकून कंप्युटर घेतला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती आणि इंग्रजीतला एकही मेनू त्यांना वाचता येत नव्हता. तरी तीन महिन्यांत ते पेजमेकर शिकले. म्हणून ‘जुन्या माणसाला बदल झेपत नाही’ हे कारण मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

मशीन बंद पडलं ते साध्या कारणानं. पॉवर सप्लाय गेला होता. यवतमाळहून दुसरा आणून बसवला आणि मशीन सुरू झालं. काका म्हणाले, "झालं नं मंग. कायले नवीन पाह्यजे?"

मी त्यांना हार्ड डिस्कचा आवाज ऐकवला. अधूनमधून टक् टक् होत होती. सतरा वर्षांच्या फाइली त्या एका डिस्कवर होत्या आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. काका काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी मशीन स्वतःच्या हातानं बंद केलं आणि मी डिस्कची प्रत काढीपर्यंत सुरू केलं नाही.

खरा तोटा रोज होत होता

सुट्टीत चार दिवस मी दुकानात नुसता बसून पाहिलं. ते चार दिवस नसते, तर मी चुकीच्याच गोष्टीवर मेहनत घेतली असती. मला वाटत होतं, अडचण मशीन बंद पडण्याची आहे. पण मशीन सुरू असतानाही वेळ भलतीकडेच जात होता.

गिऱ्हाईक पत्रिकेचं मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं. मोबाइलवर मराठीत टाइप केलेलं, म्हणजे युनिकोडमध्ये. काका मोबाइल मॉनिटरला टेकवून ठेवतात आणि तेच मॅटर कृतिदेव फाँटमध्ये पुन्हा पूर्ण टाइप करतात. मामा, आत्या, आजोळ, प्रेषक, निमंत्रक, समस्त गावकरी मंडळी, सगळी नावं. एका पत्रिकेत पन्नास-साठ नावं सहज असतात. मागच्या उन्हाळ्यात अशाच दुबार टायपिंगमध्ये मुहूर्ताची वेळ चुकली. प्रूफ पाहणाऱ्या नवरदेवाच्या मामाच्याही नजरेतून ती चूक सुटली आणि चारशे पत्रिका काकांनी पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिल्या.

"आलेलं मॅटर सरळ का नाही टाकत?" मी विचारलं.

"टाकून पाह्यलं. डबे डबे येतात."

डबे येण्याचं कारण समजलं की पुढचं सगळं समजतं. कृतिदेव हा मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेला फाँट आहे. काकांनी ‘काम’ लिहिलं की मशीनच्या लेखी ती फक्त तीन इंग्रजी अक्षरं असतात : डी, के, ई. फाँट लावलेला आहे तोवर डोळ्यांना ‘काम’ दिसतं. फाँट काढला की मराठी गेली. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो कुठल्याही फाँटमध्ये ‘क’च राहतो. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. त्यामुळे मोबाइलवरची मराठी त्याला दिसत नाही, आणि त्याच्यातली मराठी मोबाइलवर टाकली की इंग्रजी अक्षरांचा पाला होतो.

म्हणजे आम्हाला फक्त एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जायचं नव्हतं. मराठी साठवायची पद्धतच बदलायची होती. नव्या कंप्युटरवर जुनं पेजमेकर कसंबसं बसवून हे सुटणार नव्हतं, तरी सुरुवात आम्ही तिथूनच केली. नवीन विंडोज ११ चं मशीन आणलं, त्यावर पेजमेकर चढवलं. उघडलं. काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर मिळेना, कारण विंडोज ११ ला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो आणि आमच्या प्रिंटरसोबत आलेला ३२ बिटचा होता. पत्रिकांचे नक्षीदार फाँट ज्या पॅकेजमधले होते त्याचं डोंगल (ते जोडल्याशिवाय पॅकेज चालत नाही अशी किल्ली) जुन्या प्रिंटर पोर्टात बसायचं. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. तीन दिवस त्यात गेले. ते तीन दिवस वाया गेले असं मी म्हणणार नाही. काकांनी स्वतः पाहिलं की हा रस्ता पुढे बंद आहे. मी नुसतं सांगितलं असतं, तर त्यांना ते पटलं नसतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या कंप्युटरमध्ये, एक्सपी चालवायचा मार्गही असतो. तो मी सोडला, कारण भोवतीचं हार्डवेअर बदललं की एक्सपी पुन्हा सक्रियण (अ‍ॅक्टिव्हेशन) मागतं, आणि मी शाळेत असताना काका त्यात अडकले तर सोडवायला गावात कुणी नाही.

जुनं मशीन ठेवलं, पण त्याचं काम बदललं

डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि तीच मशीनला लावली. मूळ डिस्क कापडात गुंडाळून काकूंच्या कपाटात. ठरवलं की जुन्या मशीनवर यापुढे नवं काम करायचं नाही. ते फक्त जुन्या फाइली उघडायची किल्ली. इंटरनेट नाहीच. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हही त्यात घालायचा नाही. इंटरनेट नसलेल्या आणि सुरक्षेची दुरुस्ती न मिळालेल्या मशीनवर व्हायरस पेनड्राइव्हमधूनच येतो, आणि फोल्डर गायब होऊन शॉर्टकट दिसायचा त्रास या दुकानानं दोनदा भोगला होता. एक लाल पेनड्राइव्ह खास ठेवला. तो नव्या मशीनवर तपासायचा, मगच जुन्याला लावायचा.

मग फाइलींची वाटणी. माझा पहिला विचार सगळंच नव्यात आणायचा होता. काकांनी तो खोडला, आणि ते बरोबर होते. झालेल्या लग्नाची पत्रिका पुन्हा कोण छापणार? पुन्हा पुन्हा लागतात ती कामं वेगळी काढली : बिलबुकं, काटापावत्या, प्रगतिपुस्तकं, पावतीपुस्तकं, संस्थांची लेटरहेडं आणि पत्रिकांचे काही चालू साचे. सगळी मिळून दोनशेच्या आतबाहेर भरली. बाकीच्यांची फक्त पीडीएफ करून ठेवायची. पेजमेकर ७ सोबत आलेलं, पीडीएफ करणारं डिस्टिलर जुन्या मशीनवर होतंच. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, त्यामुळे ती कुठेही जशीच्या तशी दिसते आणि छापता येते. एक मर्यादा मात्र माहीत असावी. पीडीएफ दिसते मराठी, पण आत तीच इंग्रजी अक्षरं असतात. त्यात ‘देशमुख’ शोधलं तर सापडत नाही. म्हणून फाइलचं नाव इंग्रजीत नीट द्यायचं : आडनाव, गाव, वर्ष. हे नाव देण्याचं काम काकूंनी केलं. कोणाचं लग्न कोणत्या वर्षी झालं हे त्यांच्याइतकं कुणालाच आठवत नाही.

दोनशे फाइलींसाठी मी तीन मार्ग तपासले. लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर ४.४ पासून पेजमेकरची फाइल उघडतं आणि पानं मांडायच्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्याही उघडतात. दोन्हीत चौकटी बऱ्यापैकी जागेवर आल्या, मॅटर मात्र सरकलं आणि रेघांचे तक्ते विस्कटले. इनडिझाइनची सीएस६ ही २०१२ ची आवृत्ती पेजमेकरच्या फाइली घेते. पुढच्या सीसी आवृत्त्यांतून ती सोय काढली. अमरावतीच्या एका ओळखीच्या दुकानात सीएस६ होतं, तिथे प्रगतिपुस्तकासारखी किचकट पंधरा-वीस कामं नेऊन उघडली. पण कुठल्याही मार्गानं मांडणीच पुढे येते, मजकूर कृतिदेवच राहतो. तो वेगळा बदलावा लागतो. शेवटी बिलबुकांसारखी साधी कामं आम्ही सरळ नव्यानं बसवली. काका एक बिलबुक वीस मिनिटांत उभं करतात. बिघडलेलं दुरुस्त करायला तासभर जातो.

नवं सॉफ्टवेअर म्हणून स्क्रायबस घेतलं. फुकट आहे, आणि १.५.३ पासून त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. इनडिझाइन हातात अधिक चांगलं चालतं, हे मान्यच आहे. पण त्याचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, आणि आमच्या दुकानात पावसाळ्याचे दोन महिने कामच नसतं. शिवाय त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांसाठीची अक्षरजुळणी) निवडला नाही तर मराठीची जोडाक्षरं तुटतात. ही गोष्ट माहीत नसल्यानं एका दुकानदारानं ‘इनडिझाइनमध्ये मराठी होतच नाही’ असं ठरवून टाकलेलं मी पाहिलं आहे.

ऱ्ह आणि ऱ्य

सगळ्यात जास्त दिवस इथे गेले, आणि मराठीत काम करणाऱ्यानं सगळ्यात जास्त लक्षही इथेच द्यावं असं मला वाटतं.

कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं फुकट मिळतात. पेजमेकरमधून प्रत्येक मजकूर वेगळा एक्स्पोर्ट करायचा, साधनात टाकायचा, बाहेर युनिकोड. पहिली पत्रिका बदलली तेव्हा मी खूश झालो. नव्वद टक्क्यांहून अधिक बरोबर वाटत होतं. काकांनी चष्मा लावला, प्रूफ हातात घेतलं आणि पहिल्याच मिनिटाला बोट ठेवलं. ‘वऱ्हाडी मंडळी’च्या जागी एकीकडे ‘वहाडी’ होतं, दुसरीकडे ‘वर्हाडी’, रफार ‘ह’च्या डोक्यावर.

"वऱ्हाडी शब्द वऱ्हाडातच चुकला त लोक काय म्हणतीन?"

कारण असं. जुन्या फाँटमध्ये अक्षर जसं दिसतं त्या क्रमानं टाइप होतं. पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. ‘कि’मध्ये ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, ‘धर्म’मध्ये ‘र’ आधी आणि ‘म’ नंतर. बदलणारं साधन हा क्रम फिरवतं आणि बहुतेक वेळा बरोबर फिरवतं. पण ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ मधला तो झोपलेला ‘र’ हिंदीला लागत नाही, आणि आम्ही वापरलेली साधनं मुख्यतः हिंदीसाठी केलेली होती. काका ते चिन्ह आल्टची कळ आणि आकडे दाबून आणायचे. साधनाला ते ओळखीचंच नव्हतं. कुठे त्यानं ते गाळलं, कुठे त्याचा रफार केला.

एका पत्रिकेपुरतं असतं तर हातानं दुरुस्त केलं असतं. पण आमच्या हँडबिलांत प्रत्येक वेळी ‘शेतकऱ्यांना’ असतं. तेरवीच्या कार्डात ‘सोयऱ्यांना’, जाहिरातीत ‘दुसऱ्या दिवशी’, ‘खऱ्या बियाण्याची ओळख’. मी आणि काकांनी दोन संध्याकाळ बसून अशा शब्दांची वही केली. काका शब्द आठवत, मी लिहीत : तऱ्हा, न्हारी, कोऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, नवऱ्या मुलाचे, कऱ्हाळे, गोऱ्हा. ‘न्हारी’ यात बसत नाही हे लिहिल्यावर लक्षात आलं आणि खोडलं. त्या वहीवरून शोधा-बदला करायची यादी तयार झाली. साधनातून बाहेर पडलेला प्रत्येक मजकूर आता आधी त्या यादीतून जातो, मग काकांच्या डोळ्यांखालून.

त्यातच आणखी एक अडचण निघाली. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एक, टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. दिसायला दोन्ही सारखेच. शोधायला गेलं की एका प्रकारचं दुसऱ्यात सापडत नाही. एक मोबाइल एक प्रकार पाठवतो, दुसरा दुसरा. आम्ही दुकानात पहिला प्रकार ठरवला आणि आलेलं सगळं मॅटर त्यात बदलून घेतो.

फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहिले. विंडोजसोबतच्या मंगलमध्ये ‘ल’ दांडीचा, हिंदी वळणाचा दिसतो. काकांचं म्हणणं, पत्रिकेत तो परका वाटतो. शासनाच्या प्रमाणित मराठी वर्णमालेतही पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’च धरलेला आहे. तिरो देवनागरी मराठी या मोफत फाँटमध्ये तो मराठी वळणाचा मिळतो. मजकुरासाठी तो घेतला. ठळक शीर्षकांना बालू. बिलबुकांना मुक्त, कारण बारीक आकारातही त्याचे काने-मात्रे एकमेकांत अडकत नाहीत.

हात

काका कीबोर्डकडे न पाहता टाइप करतात. रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी. मी त्यांना आधी इनस्क्रिप्ट शिकवायला घेतलं, कारण ती सरकारमान्य मांडणी आहे आणि मी तीच वापरतो. ही माझी चूक होती. पाच दिवस त्यांनी निमूटपणे प्रयत्न केला. सहाव्या दिवशी ते मला म्हणाले, "कोणतं अक्षर कुठं हाय, ते माह्या बोटाले माहीत हाय. मले नाई. तू मले नाई शिकवून रायला, माह्या बोटाले विसरायले लावून रायला."

मला ते लागलं. त्यांच्या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोलाचा ऐवज कुठल्याच डिस्कवर नव्हता, तो बोटांत होता, आणि मी तोच पुसायला निघालो होतो. युनिकोडसाठी रेमिंग्टन गेल नावाची मांडणी मिळते. कळा बहुतेक जुन्याच. फरक थोडाच. ती बसवली आणि दुसऱ्या दिवशी काका अर्ध्या वेगानं टाइप करत होते. सरावाला त्यांनी स्वतःच एक मजकूर निवडला, त्यांच्या मुलीच्या लग्नाची २०११ ची पत्रिका. जुनी छापील पत्रिका समोर उभी करून त्यांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा टाइप केली. तिसऱ्या वेळी चूक नव्हती.

डिसेंबरच्या लग्नसराईत नव्या पद्धतीनं पहिली पत्रिका गेली. व्हॉट्सअ‍ॅपवरचं मॅटर सरळ चौकटीत आलं, नावं टाइप करावी लागली नाहीत. वाचलेला वेळ काकांनी प्रूफ मोठ्यानं वाचण्यात घालवला, काकू समोर मोबाइल धरून बसल्या. मोबाइलवर मुलीकडच्यांनीच ‘वर्हाडी’ असं पाठवलेलं होतं. काकांनी ते दुरुस्त केलं आणि त्यांना फोन करून सांगितलं.

सगळं सुटलेलं नाही. डोंगलच्या पॅकेजमधल्या नक्षीच्या किनारी आम्हाला बाहेर काढता आल्या नाहीत. काकांनी जुन्या छापील पत्रिकांवरून त्या स्कॅन करून घेतल्या आहेत आणि मोकळ्या वेळात एकेक रेघ पुन्हा काढतात. कलशाची झाली, मोराची अर्धी आहे. जुनं मशीन मागच्या गाळ्यात, चादरीखाली. दर रविवारी सकाळी, वीज असली तर, दोन तास सुरू होतं. काकू रजिस्टरमध्ये फाइलीसमोर टिक करतात. मागच्या रविवारी त्या २०१६ पर्यंत पोहोचल्या होत्या.